भूल देण्याआधी खानदानाची चौकशी: स्नायूंचा आजार, बाळंतपण आणि आपली लपवाछपवी

सिझर आता आपल्या मोहल्ल्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे (२०१९-२१) देशात दर शंभर बाळंतपणांत एकवीसच्या वर सिझेरियनने होतात. महाराष्ट्रात हा आकडा पंचवीसच्या पुढे आहे आणि देशभरातल्या फक्त खासगी दवाखान्यांचा हिशेब केला तर जवळजवळ निम्मी बाळंतपणे सिझरने. सिझर खरंच गरजेचे होते की बिलासाठी केले, यावर आपल्या घरांत भरपूर चर्चा होते. पण सिझर म्हटले की भूल आली, आणि त्या भुलेबद्दल कोणी काही विचारत नाही. नवरा काउंटरवर पैसे भरतो, इंग्रजीतल्या फॉर्मवर सही करतो, सासू तसबीह घेऊन बाकावर बसते, आणि बाई आत जाते.

बहुतेक बायकांची भूल सुखरूप उतरते, हे आधीच सांगून ठेवतो. घाबरवण्यासाठी हा लेख नाही. पण काही घराण्यांत स्नायूंचे आनुवंशिक आजार असतात आणि त्या घरच्या बाईसाठी इतरांना रोज दिली जाणारी साधी औषधे जीवघेणी ठरू शकतात. हिमोग्लोबिन, शुगर, सोनोग्राफी या नेहमीच्या तपासण्यांत हे आजार दिसत नाहीत. ते दिसतात घरच्यांच्या आठवणीत. आणि नेमकी तीच आठवण आपण दवाखान्यात नेत नाही, कारण ती बाहेर पडली तर धाकट्या बहिणीचा रिश्ता मोडेल अशी भीती असते.

आपल्या राज्यात बाळंतपणातले मृत्यू कमी झाले आहेत, अल्हम्दुलिल्लाह. २०१८-२० च्या सरकारी नमुना नोंदणीत देशाचा माता मृत्यूचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ होता, महाराष्ट्राचा ३३. रक्तस्राव, रक्तदाबाचे झटके, जंतुसंसर्ग अशा नेहमीच्या कारणांवर लढाई चालूच आहे. पण नेहमीची कारणे आवाक्यात येऊ लागली की दुर्मीळ आजारांकडे पाहायची वेळ येते. आपण तिथे येऊन पोहोचलो आहोत.

आता मुद्दा समजून घ्यायला थोडे विज्ञान. सिझरसाठी सहसा कमरेतून इंजेक्शन देतात. कंबरेखालचा भाग बधिर होतो, बाई जागी असते. कधी मात्र बाळाचे ठोके एकदम खाली जातात, किंवा खूप रक्त जाते, किंवा मणक्यातली सुई जमत नाही, आणि पूर्ण भूल द्यावी लागते. गरोदर बाईच्या पोटातले अन्न-पाणी उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका मोठा असतो, म्हणून श्वासाची नळी झटपट घालावी लागते. त्यासाठी स्नायू एका मिनिटाच्या आत ढिले करणारे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध म्हणजे सक्सामेथोनियम. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्याला स्कोलीन म्हणतात. या औषधाने लाखो जीव वाचवले आहेत. पण ज्याचे स्नायूच जन्मतः सदोष आहेत त्याच्यात हेच औषध उलटू शकते.

कसे उलटते ते आजारावर अवलंबून असते. इथेच घोळ होतो, कारण लोक "मसल्सचा आजार" म्हणून सगळे एकाच पिशवीत टाकतात.

सगळ्यात फसवा आजार मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. १९०९ मध्ये जर्मनीतल्या स्टाइनर्ट नावाच्या डॉक्टरांनी तो नीट वर्णन केला. यात स्नायू कमजोर तर होतातच, शिवाय आवळलेला स्नायू लवकर सुटत नाही. हात मिळवला की पकड सुटायला वेळ लागतो. बरणीचे झाकण फिरवले की बोटे तशीच अडकून राहतात. तरुणपणीच मोतीबिंदू होतो. बाई दिवसभर पेंगते, घरचे तिला आळशी म्हणतात. अशा बाईला स्कोलीन दिले तर स्नायू ढिले व्हायच्या ऐवजी आवळतात, जबडा घट्ट बसतो आणि नळी घालणे, श्वास देणे अवघड होऊन बसते. थंडीने, कापरे भरल्यानेही स्नायू आखडतात, म्हणून एसी थिएटरमध्ये तिला गरम ठेवणे हाही उपचाराचाच भाग असतो. झोपेच्या आणि दुखण्याच्या औषधांना तिचे शरीर फार संवेदनशील असते. ऑपरेशन छान झाले म्हणून सगळे पेढे वाटत असतात आणि काही तासांनी वॉर्डात तिचा श्वास मंदावतो. हृदयाच्या विजेच्या वाहिन्यांतही अडथळा असू शकतो, तो साध्या ईसीजीत दिसतो, पण त्यासाठी आधी ईसीजी काढायला हवा. गर्भाशय हाही स्नायूच. तो नीट आवळला नाही की बाळंतपण लांबते आणि नंतर रक्तस्राव वाढतो.

या आजाराची आणखी एक खोड आहे. पिढी बदलली की तो बहुधा वाढत जातो. आजीला फक्त लवकर मोतीबिंदू. आईच्या हाताची पकड सुटत नाही, बाकी ठीकठाक. आणि तिचे बाळ जन्मतः कापसासारखे ढिले, रडत नाही, दूध ओढत नाही. आईकडून आलेला आजार बाळात असा जोरात उतरण्याची शक्यता जास्त असते. पोटात असताना अशा बाळाला नीट गिळता येत नाही, म्हणून बाळाभोवतीचे पाणी वाढते. सोनोग्राफीच्या कागदावर "पाणी जास्त" असे लिहून येते आणि शुगर तपासून विषय संपतो. जगभरात कित्येक आयांना आपला आजार कळतो तो बाळाचे निदान झाल्यावर. तोवर तिची भूल होऊन गेलेली असते.

मायोटॉनिकमध्ये आई किंवा बाप, कोणा एकाकडून दोषी जनुक आले तरी पुरे. प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता. इथे नात्यात लग्न झाले की परक्यात, काही फरक पडत नाही. "आमच्यात चुलत-मामे लग्ने होत नाहीत, आम्हाला कसली भीती" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरा आजार डुशेन. हा मुलग्यांचा. चार-पाच वर्षांचा पोरगा पळताना पडतो, जिना चढताना दम खातो, बारा वर्षांच्या आसपास चालणे सुटते. शिक्षकाला हा आजार ओळखता येतो. पहिलीतला एक मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत टेकत वर यायचा, जणू स्वतःच्याच अंगावर चढतोय. बाकीची पोरे हसायची. त्याच्या आईवडिलांना मी मोठ्या दवाखान्यात जायला सांगितले आणि निदान डुशेनच निघाले. तेव्हा त्याची अम्मी सहा महिन्यांची गरोदर होती. तिच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना मुलाचा आजार कोणी सांगितलेलाच नव्हता. मी विचारले तर बाप म्हणाला, "सर, बीमारी तो बच्चे को है, उसको थोडीच है." हे उत्तर मला आजवर बऱ्याच घरांत ऐकायला मिळाले आहे. अशा मुलाची आई बहुतेक वेळा त्या जनुकाची वाहक असते आणि काही वाहक बायकांचे स्वतःचे हृदय कमजोर असते, कधी हातापायांचे स्नायूही. गरोदरपणात हृदयावरचा बोजा वाढतो, भूल देताना त्याची कसोटी लागते. म्हणून अशा आईचा हृदयाचा इको आधी व्हायला हवा. त्या अम्मीचा झाला. तिची बाळंतपणाची जागा जिल्ह्याच्या दवाखान्यात बदलली. सिझरची वेळच आली नाही, नॉर्मल झाली.

इथे सासरच्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. डुशेनचा दोष आईच्या बाजूने येतो हे कळले की सगळा राग सुनेवर निघतो. पण सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच घडलेला असतो, आई वाहक नसतेही. आणि वाहक असली तरी तिने काय गुन्हा केला?

तिसरी गोष्ट घातक ज्वराची. भुलेचे काही वायू किंवा स्कोलीन मिळाले की काही लोकांच्या स्नायूंत कॅल्शियमचा बांध फुटतो, स्नायू लाकडासारखे होतात, अंग भट्टीसारखे तापते. हे पहिल्यांदा जगाला कळले ते १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये. एकवीस वर्षांचा एक तरुण पाय मोडून दवाखान्यात आला. त्याला पायाची काळजी नव्हती, भुलेची होती. कारण त्याच्या नात्यातली दहा माणसे भूल दिल्यावर दगावली होती. डॉक्टर मायकेल डेनबरो यांनी ते हसण्यावारी नेले नाही, त्याच्या खानदानाची चौकशी केली आणि वैद्यकशास्त्राला एक नवा आजार सापडला. विचार करा, दहा मयती झाल्यावर त्या घरात कोणीतरी हिशेब ठेवला होता आणि तो डॉक्टरसमोर मांडला होता. आपल्याकडे अशा मयतीला "अल्लाह की मर्ज़ी" म्हणून मातीआड करतात आणि त्याबद्दल पुन्हा बोलत नाहीत. मर्जी त्याचीच, पण हकीकत सांगायला त्याने कुठे मना केले आहे?

या ज्वरावर डॅन्ट्रोलीन नावाचे औषध आहे. वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. पूर्वी बहुतेक रुग्ण दगावत, या औषधानंतर बहुतेक वाचू लागले. पण आपल्या देशात ते वर्षानुवर्षे सहज मिळत नव्हते आणि आजही तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये ते कपाटात असेल अशी अपेक्षा करू नये. आधी माहीत असेल तर हे वायू आणि स्कोलीन टाळून भूल देता येते, मग डॅन्ट्रोलीन वापरायची वेळच सहसा येत नाही. आणि बाळंतपणात इथे एक गंमत आहे: हा दोष बापाकडूनही बाळात येऊ शकतो. म्हणजे आई ठणठणीत, पण बापाच्या घराण्यात भुलेचा अपघात झालेला असेल, तर बाळ बाहेर येईपर्यंत भूलतज्ज्ञाला बाळाचाही विचार करावा लागतो. तेव्हा चौकशी फक्त सुनेच्या माहेरची नको, जावईबापूंचीही हवी.

नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो तो कंबर आणि खांद्यांच्या स्नायूंच्या काही आजारांत. त्यांना लिंब-गर्डल डिस्ट्रॉफी म्हणतात. त्यातल्या अनेक प्रकारांत आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक यावे लागते आणि एकाच खानदानात लग्न झाले की ते जुळण्याची शक्यता वाढते. अशा बाईची छाती आधीच कमजोर असेल तर वाढलेले पोट वर दाबते आणि श्वासाला जागा उरत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी मूळ असलेल्या कुटुंबांसह हजारो बाळांचा मोठा अभ्यास झाला. २०१३ मध्ये निष्कर्ष आला की सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषांचे प्रमाण साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जाते. म्हणजे धोका दुप्पट, आणि तरी शंभरातली चौऱ्याण्णव बाळे ठीक. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची तेवढीच सांगतो. तिकडे आता बंदीच्या कायद्याची मागणी होते आहे, नॉर्वेने २०२४ मध्ये तसा कायदा मंजूरही केला. पण ब्रॅडफर्डच्या काही वस्त्यांत कायद्याशिवायच, पाकिस्तानी मूळ असलेल्या आयांमध्ये नात्यातल्या लग्नांचे प्रमाण दहाएक वर्षांत ६२ टक्क्यांवरून ४६ वर आले. लोकांना माहिती मिळाली, मुली शिकल्या. मला हा रस्ता जास्त पटतो. शरीयतमध्ये असे लग्न जायज आहे, फर्ज नाही.

आणि हा फक्त मुसलमानांचा प्रश्न आहे असे टीव्हीवर कोणी ओरडले तर त्याला दोन गोष्टी सांगा. उत्तर भारतातल्या अग्रवाल समाजात लिंब-गर्डलच्या एका प्रकाराचे विशिष्ट जनुक सापडले आहे. दक्षिणेतल्या आर्य वैश्य समाजात काही लोकांच्या रक्तात स्कोलीन पचवणारे विकर नसते. हा स्नायूंचा आजार नाही, पण पाच-दहा मिनिटांत उतरणारे औषध त्यांच्यात तासन् तास उतरत नाही आणि तोवर यंत्रावर श्वास द्यावा लागतो. तिथे सख्ख्या भावंडांची लग्ने हे कारण असायलाच हवे असे नाही, शतकानुशतके एकाच जातीत लग्ने झाली एवढे पुरते. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न किती समाजांत चालते हे आपल्या शेजाऱ्यांना माहीत आहेच.

आता व्यवस्थेकडे येतो. दुर्मीळ आजार म्हटले की आपल्याकडे सोळा कोटींच्या इंजेक्शनची बातमी होते, वर्गणी निघते. केंद्राने २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांचे राष्ट्रीय धोरण आणले, नंतर मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढवली, मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक उत्कृष्टता केंद्र आहे. चांगलेच आहे. पण ज्या बाईच्या आजारावर सोळा कोटींचेही औषध नाही, जिला फक्त एक बाळंतपण सुखरूप पार पाडायचे आहे, तिच्यासाठी काय? तिला लागतो एक प्रश्न, तोही सातव्या महिन्यात विचारलेला: "तुमच्या किंवा नवऱ्याच्या घरात कोणाला स्नायूंचा आजार होता का, भूल दिल्यावर कोणाला काही झाले होते का?" पहिल्या तपासणीत बीपी, शुगर, टीबी, हृदय विचारतात. स्नायू क्वचितच कोणी विचारतो. ज्याने भूल द्यायची तो भूलतज्ज्ञ तर बाईला पहिल्यांदा भेटतो ते थिएटरच्या दारात, कधी रात्री दोन वाजता, दुसऱ्या नर्सिंग होममधून धावत आलेला. त्याचा दोष नाही. त्याला पाच मिनिटांत ठरवायचे असते.

त्यात आपली पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची रीत. तपासण्या मुंब्र्याला नाहीतर भिवंडीला, बाळंतपण खेडला नाहीतर परभणीला. फाइल एका गावात, पेशंट दुसऱ्या गावात. नवरा आखातात. त्याच्या फुफ्फीचे ऑपरेशन टेबलवर काय झाले होते हे माहेरच्यांना कुठून कळणार? सासरच्यांनी ते सोयरीक जुळवताना सांगितलेले नसते आणि नंतर सांगायला तोंड उरत नाही.

रिश्त्याची भीती खोटी नाही, मी ती नाकारत नाही. मुलीच्या भावाला असा आजार आहे कळले की लोक उठून जातात. पण बिरादरीत जाहीर करा असे कोणी म्हणत नाही. एका खोलीत, एका डॉक्टरला, दार लावून सांगायचे आहे. मौलाना साहेबांना किंवा काझींना निकाहाच्या बोलणीत आरोग्याचा विषय काढायला सांगितले तर तेही लोक ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

मग नेमके करायचे काय? घरात वर सांगितलेल्यापैकी काहीही असेल तर गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच बाळंतपणाच्या डॉक्टरांना सांगा आणि भूलतज्ज्ञाची वेगळी भेट मागा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तिथे सांगितले तरी चालते, ते पुढच्या दवाखान्यात पाठवतात. ईसीजी, हृदयाचा इको आणि श्वासाची तपासणी आधी करून घ्या. बाळंतपण अशा जागी ठरवा जिथे आयसीयू, व्हेंटिलेटर आणि नवजात बाळांचा विभाग एकाच छताखाली आहे. शक्य तर दिवसा, ठरलेल्या तारखेला. मणक्यातली भूल अशा बहुतेक बायकांसाठी बरी पडते, पण पाठीचा कणा वाकलेला असेल तर तीही अवघड, म्हणून निर्णय डॉक्टरांचा. झटके येऊ नयेत म्हणून दिले जाणारे मॅग्नेशियमही कमजोर स्नायूंना आणखी कमजोर करते, तेव्हा आजाराची नोंद केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवी. आणि पूर्ण भूल द्यावीच लागली तर स्कोलीनला पर्याय आहेत. रोक्युरोनियम आहे, त्याचा असर उतरवणारे सुगामाडेक्स आहे. मोठ्या दवाखान्यांत ते मिळते, लहान ठिकाणी आधी मागवून ठेवावे लागते. इंटरनेटवर वाचून "हे देऊ नका, ते देऊ नका" म्हणून डॉक्टरशी भांडू मात्र नका. आपले काम माहिती देणे, औषध निवडणे त्यांचे.

बाळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी "घरी न्या, छट्टीची तयारी आहे" म्हणून घाई करणारे नातेवाईक असतात. मायोटॉनिकच्या बाईचा श्वास नंतरच बिघडतो, तेव्हा डॉक्टर जेवढे दिवस ठेवतील तेवढे राहू द्या. बाळ ढिले वाटले, दूध ओढेना, तर बालरोगतज्ज्ञाला आईच्या हाताची पकड दाखवा.

घरातल्या कोणाच्याही ऑपरेशनमध्ये भुलेचा त्रास झाला असेल, मग ते ऑपरेशन पोरांच्या टॉन्सिलचे का असेना, सुट्टी होताना डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या: कोणते औषध दिले, काय झाले. त्या कागदाची एक झेरॉक्स आधार कार्डाच्या पिशवीत, एक फोटो घरातल्या प्रत्येक भावा-बहिणीच्या फोनमध्ये, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्याही.